जिंकले म्हणे

ही गोष्ट मी आजवर कोणालाच सांगितली नाही. अभिजितला, म्हणजे आमच्या मुलाला, फोनवर सांगायला कितीदा तरी सुरुवात केली आणि तिकडच्या थंडीची चौकशी करून फोन ठेवला. दर वर्षी मे महिना आला की वाटतं, यंदा लिहून टाकू. मग वाटतं, एका व्हिडिओ गेमची तर गोष्ट, त्यात लिहिण्यासारखं काय आहे? हा प्रश्न मी सोयीसाठी विचारत आलो. लिहिण्यासारखं काय आहे, ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे.

काल कत्तिरी लागली. चेन्नईच्या उन्हाळ्यातल्या सगळ्यांत जहाल दिवसांना इथे कत्तिरी म्हणतात. नळाचं पाणी आधण ठेवल्यासारखं येतं, दाराच्या कडीला हात लावला तर चटका बसतो आणि अख्खी इमारत दुपारभर पडदे ओढून गप्प पडून राहते. समुद्रावरचा वारा मैलापूरच्या लोकांना जेवणानंतर लगेच भेटतो. आमच्या अंबत्तूरपर्यंत पोचेतो त्याला संध्याकाळ होते. कुमुद म्हणायची, "येतोय बिचारा बस बदलत बदलत."

कुमुद माझी बायको. मी सांगतोय त्या वर्षीच्या कत्तिरीत ती बाहेरच्या खोलीत, पडद्याआडच्या तांबूस अंधारात, शेजारी ताडगोळ्यांची वाटी ठेवून, हातात कंट्रोलर घेऊन बसलेली असायची. सत्तरीला टेकलेली बाई, केसांचा अंबाडा, सुती साडीचा पदर कमरेला खोचलेला, आणि समोर टीव्हीवर राक्षस.

ते यंत्र अभिजितचं. परदेशी जाताना तो ते इथेच ठेवून गेला होता. पुढे कुमुदच्या हातांना कंप सुरू झाला. पार्किन्सनची सुरुवात होती. डॉक्टर म्हणाले, बोटं चालती ठेवा, विणकाम करा. विणकामाचा तिला आयुष्यभर तिटकारा. तिने एके दिवशी त्या यंत्रावरची धूळ पुसली आणि अभिजितला फोन लावून कुठलं बटण कशाचं ते विचारून घेतलं. वर्षभर सोपे खेळ खेळली आणि मग नेमका सगळ्यांत अवघड उचलला.

"आई, तो नको," अभिजित म्हणाला. "तो खेळताना तरणी मुलं रडतात. अर्ध्यात सोडून देतात."

"तुझ्या बाबांबरोबर संसार केलाय मी. अवघड काय असतं ते मला नको सांगू."

मी पेपराआडून म्हणालो, "हे काय राक्षस मारायचं वय आहे?"

"राक्षसांनी वय विचारलेलं नाही अजून. तुम्ही आपलं राशिभविष्य वाचा."

खेळ असा: एक एकटा योद्धा पडझड झालेल्या मुलखातून चालतो आणि वळणावळणावर मरतो. मेला की तोवर कमावलेलं सगळं त्या जागी सांडतं. पुन्हा तिथवर चालत जाऊन ते उचलायची एकच संधी मिळते. वाटेत परत मेलात, तर ते कायमचं गेलं. मला हे क्रूर वाटलं. कुमुदला न्याय्य वाटलं. "निदान सांडलंय कुठे ते तरी कळतं," ती म्हणाली.

तिने तो खेळ पुरा केला. दोनेक वर्षं लागली असतील. मग तिच्या वाढदिवसाला अभिजितने त्याच खेळाचं एक्सपान्शन पाठवलं. मूळ खेळाला मागून जोडलेला नवा प्रदेश, मूळ खेळाहून जास्त निर्दय. तिथे पाय ठेवला आणि कुमुद पहिल्याच शिपायाकडून मेली. मग दुसऱ्याकडून. एवढी मोठी तलवार, एवढं चिलखत, दोन वर्षांची कमाई, आणि तिथे त्याला विचारतो कोण! त्या प्रदेशाच्या स्वतःच्या ठिणग्या होत्या. कुठे पडक्या विहिरीत, कुठे एखाद्या समाधीमागे लपवलेल्या. त्या वेचत गेलं तरच अंगात तिथलं बळ येणार.

मला वाटलं, ती वैतागेल. ती कंट्रोलर मांडीवर ठेवून हसत सुटली.

"अहो, हे तर मद्रास आहे!"

"काय?"

"मी लग्न होऊन आले तेव्हाचं. नागपुरात मी एवढी हुशार, एवढी बोलणारी. इथे भाजीवालीसमोर मुकी. सगळी कमाई तिकडे राहिली. मग एकेक वेचलं. वेंडाम, पोदुम, सरि. नको, पुरे, बरं. या तीन ठिणग्यांवर पहिलं वर्ष काढलं मी."

मी तेव्हा संरक्षण खात्याच्या कारखान्यात होतो. चाळीसेक वर्षं इथे काढूनही माझी तमिळ त्या तीन शब्दांच्या फार पुढे गेली नाही. ती बँकेत लागली आणि म्हाताऱ्या बायका रांग सोडून तिच्या खिडकीशी यायला लागल्या. तिला चेहरा पाहून नाव आठवायचं, नाव ऐकून गाव आठवायचं. दोन्हीकडच्या नातेवाइकांचे फोन नंबर, वाढदिवस, कोणाला कसली अ‍ॅलर्जी, सगळं तोंडपाठ. मी चष्मा कुठे ठेवला तेसुद्धा तिलाच विचारायचो. हात कापायला लागले तेव्हा ती एकदाच बोलली होती, "हात जाऊ देत. डोकं जागेवर आहे तोवर मी आहे."

हे वाक्य मी ऐकलेलं होतं.

त्या नव्या प्रदेशाच्या शेवटी एका पडक्या दीपस्तंभात शेवटचा शत्रू होता. उंच, वाकलेला, खाकी अंगरख्यातला, हातात कंदील. वार करायच्या आधी त्याच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज यायचा. कुमुदने पहिल्याच दिवशी त्याचं नाव कंडक्टर ठेवलं. इथल्या बसमधले कंडक्टर शिट्टी वाजवतात. शिट्टी वाजली की बस सुटते, मग कोणाचा पाय कुठे का असेना.

तिची पद्धत ठरलेली. शिट्टी वाजली की डावीकडे सरकायचं, कंदील जमिनीवर आदळू द्यायचा, एक घाव घालायचा आणि मागे यायचं. "दुसरा घाव घालायचा हावरेपणा केला की मेलेच मी." दुपारची जेवणं झाली, मी लवंडलो, की बाहेरच्या खोलीतून शिट्टी ऐकू यायची, मग धप्प आवाज, मग कुमुदचं "अगं बाई!" आणि मग पुन्हा पायऱ्या चढल्याचा आवाज. त्या कत्तिरीतली माझी झोप त्या आवाजांवर लागायची. आता पंख्याच्या घरघरीत मी तो आवाज शोधतो.

त्या खेळात अनोळखी खेळाडूंना एकमेकांसाठी जमिनीवर निरोप ठेवता येतात. पण स्वतःच्या शब्दांत नाही. खेळाने दिलेल्या शब्दांतून निवडून जुळवायचे. काही टवाळ पोरं कड्याच्या टोकाशी ‘पुढे खजिना’ असं लिहून ठेवायची. कुमुदने एकदा खरंच उडी मारली. त्याच्या शेजारी कोणीतरी ‘लबाड’ एवढाच निरोप ठेवलेला, तो तिला नंतर दिसला. केवढी हसली होती! कंडक्टरच्या दाराशी तिने स्वतःचा निरोप ठेवला: ‘डावीकडे, मग धीर’. कोणाला तो उपयोगी वाटला की पडद्यावर बारीकशी सूचना यायची आणि ही मला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावून घ्यायची, "अहो, बघा, कोणीतरी वाचला!"

एका दुपारी कंडक्टरचं आयुष्य नखाएवढं उरलं होतं. मी मागे उभा राहून बघत होतो. तेवढ्यात तिचा अंगठा थरथरला, बटणावरून घसरला आणि कंदील तिच्यावर आला. मला वाटलं, रडेल. तिने अंगठा दुसऱ्या हाताने चोळला. "आवडायला लागलाय हो मला तो," ती म्हणाली. "पण हा हात अजून किती दिवस माझा आहे? त्याच्या आत झालं पाहिजे."

एवढंच तिला हवं होतं. आपल्या हातांनी, हात आहेत तोवर.

पुढच्याच आठवड्यात ती एका दुपारी माझ्याशी तमिळमध्ये बोलायला लागली. "अण्णा एंगे?" अण्णा कुठे आहे? अण्णा तिचा थोरला भाऊ, जाऊन कितीतरी वर्षं झालेला. मी घाबरून रिक्षा आणली. दवाखान्यात सांगितलं, उन्हाने अंगातलं सोडियम उतरलंय, म्हाताऱ्या माणसांचं कत्तिरीत होतं असं. सलाइन लावलं. दुसऱ्या दिवशी ती पूर्ववत झाली. डॉक्टर म्हणाले, त्या एका दिवसाची आठवण कदाचित पुसट राहील, बाकी काही नाही.

पण तीही पुसट राहिली नाही. पडल्या पडल्या तिने तो दिवस एकेक करून परत आणला. सकाळी ताडगोळेवाला आला होता. शेजारच्या कुकरची शिट्टी ऐकून तिला कंडक्टर आठवला होता. डोकं जड वाटलं म्हणून ती त्या दिवशी खेळायला बसलीच नव्हती. "आणि मी तुम्हाला अण्णाबद्दल विचारलं. हो ना?" मी हो म्हणालो. मग तिने सलाइन लावलेला हात वर धरला. तो नेहमीपेक्षा जास्त कापत होता. "राहिला माझा कंडक्टर," ती म्हणाली. "राहिलं ते राहिलं."

इथे मला कारखान्यातलं एक सांगायला हवं. मी तपासणी विभागात फोरमन होतो. शिकाऊ कामगारांची परीक्षा म्हणजे लोखंडाचा एक तुकडा दिलेल्या मापात घासून आणायचा. एखाद्याचा केसभर चुकायचा. मी त्यांच्या जेवणाच्या सुट्टीत हळूच कानस घ्यायचो, दोन हात मारायचो आणि तुकडा मापात आणून ठेवायचो. तो परत येऊन माप घ्यायचा आणि त्याचा चेहरा उजळायचा. आपणच केलं असं त्याला वाटायचं. सगळेच जुने फोरमन हे करत. याला आम्ही ‘हात फिरवणं’ म्हणायचो आणि पुण्याचं काम समजायचो. ज्याला नोकरी हवी आहे त्याला ते पुण्याचं असेलही.

कुमुदचाही तुकडा केसभर चुकलाय, एवढंच मला दिसलं.

आमच्या वरच्या मजल्यावर केतकी राहायची. सोलापूरची, गिंडीला एका कंपनीत इंजिनियर. रविवारी कुमुदच्या हातचं थालीपीठ खायला यायची आणि दोघी खेळाबद्दल अशा बोलायच्या की मला वाटावं, गावातल्या भांडणांच्या गोष्टी चालल्यात. कुमुद दवाखान्यात असताना मी केतकीला खाली बोलावलं.

ती कंट्रोलर हातात घेऊन थांबली. "काका, नक्की ना? आपला बॉस, म्हणजे हा शेवटचा शत्रू, दुसऱ्याने मारलेला कोणालाच चालत नाही. माझा एकदा भावाने मारला होता, तर मी महिनाभर त्याच्याशी बोलत नव्हते."

"अगं, काकूंनीच सांगितलंय. हात चालत नाहीत म्हणाली."

निम्मं खरं होतं. लबाडीला निम्मं खरं पुरतं.

केतकी बऱ्याचदा मेली. मी तिला कॉफी करून दिली, मागे उभा राहिलो. शेवटी तिने एक केलं जे कुमुदने कधीच केलं नव्हतं. शिट्टी वाजली तशी ती डावीकडे सरकली नाही. सरळ पुढे धावली, कंदिलाच्या खालून, त्याच्या पायांत. कंडक्टर गुडघ्यावर आला आणि राख होऊन उडाला. पडद्यावर सोनेरी अक्षरं आली. मी टाळ्या वाजवल्या. हो, वाजवल्या. शिवाय केतकीला सांगितलं, "काकूपाशी विषय काढू नकोस हं. हळवी होते ती हातांवरून." पुढच्या महिन्यात केतकीची पुण्याला बदली झाली.

कुमुद घरी आली, दोन दिवस पडून राहिली आणि तिसऱ्या दुपारी पदर खोचून बसली. मी आतल्या खोलीत कान देऊन होतो. पायऱ्यांचा आवाज आला. दार उघडल्याचा आवाज आला. मग काहीच नाही.

"अहो," तिने हाक मारली. "जरा येता का? कंडक्टर कुठे गेला?"

मी दारात गेलो. पडद्यावर रिकामा दीपस्तंभ, मध्ये एक दिवा जळत होता आणि त्याच्यापुढे तिचा योद्धा उभा. तिने माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी खरं बोलायला फार काही लागलं नसतं. ती चिडली असती, महिनाभर अबोला धरला असता.

"अगं, तूच मारलास की! त्या दिवशी दुपारी. बरं वाटेनासं व्हायच्या आधी."

"मी?"

"मग काय मी?"

"त्या दिवशी मी खेळायला बसलेच नव्हते."

"बसली होतीस. मी मागे उभा होतो."

ती पुन्हा पडद्याकडे वळली. मग तिने विचारलं, "कसा मारला?" आणि मी, केतकीची लढाई डोळ्यांनी पाहिलेला मी, सांगितलं, "शिट्टी वाजली आणि तू पुढे धावलीस. कंदिलाखालून. मी टाळ्यासुद्धा वाजवल्या."

"पुढे? मी कधीच पुढे जात नाही हो."

"त्या दिवशी गेलीस."

तिने कंट्रोलर टीपॉयवर ठेवला. इतका हळू, की आवाजसुद्धा आला नाही.

मला वाटलं होतं, ती खूश होईल. चार दिवस गोंधळेल, मग विसरेल. विसरेल! त्या दिवसातलं ताडगोळेवाल्याचं येणंसुद्धा जिला आठवत होतं, तिला मी सांगितलं होतं की त्या दिवशीची सगळ्यांत मोठी गोष्ट मात्र तुझ्या डोक्यातून गेली. डॉक्टरांनी सोडियमचं कितीही समजावलं तरी तिचा हिशेब सरळ होता. बाकी सगळं आठवतंय, मग हेच कसं नाही? म्हणजे भोक पडायला लागलं आहे.

अभिजितने मी सांगितल्यावर लगेच फोन केला. "आई, जिंकलीस!"

"हो," ती म्हणाली. "जिंकले म्हणे."

त्यानंतर तिने ते यंत्र कधी लावलं नाही. आधी तिने कपाटाच्या किल्ल्या माझ्याकडे दिल्या. मग एकटीने गॅसपाशी जाणं बंद केलं. गोळी घेतल्यावर विचारायची, "घेतली ना मी?" फोन नंबर तिला अजूनही पाठ होते, पण सांगून झाला की म्हणायची, "एकदा तपासून घ्या." चूक एकदाही निघाली नाही. स्मरणशक्तीचे डॉक्टर झाले. त्यांनी शब्द विचारले, घड्याळ काढायला लावलं, आणि हसून म्हणाले, "अम्मा, तुमची आठवण माझ्यापेक्षा चांगली आहे." बाहेर आल्यावर कुमुद मला म्हणाली, "त्यांना काय माहीत मी काय विसरले ते."

मी तिचा हात धरून जिना उतरलो. मला माहीत होतं.

का नाही सांगितलं? पहिले काही दिवस लाज होती. नंतर लाजेपेक्षा मोठं काहीतरी झालं. सांगितलं असतं तर तिने पहिला प्रश्न विचारला असता: मी किल्ल्या दिल्या तेव्हा तुम्ही त्या घेतल्यात कशा? रोज एक दिवस वाढत गेला आणि उत्तर आणखी लांब गेलं.

एकदा तिने स्वतःच वाट करून दिली होती. बाल्कनीत बसलो होतो. वारा नुकताच पोचला होता आणि कुंडीतला कढीपत्ता हलत होता.

"अहो, एक विचारू? खरं सांगाल?"

"विचार."

"कंडक्टर मीच मारला ना?"

ती माझ्याकडे बघत नव्हती, कढीपत्त्याकडे बघत होती. मला सोपं जावं म्हणून असेल. आज वाटतं, तिला संशय होता. तिने सांडलेलं उचलायची संधी मला दिली होती. मी म्हणालो, "तूच."

"बरं," ती म्हणाली. थोड्या वेळाने माझ्या गुडघ्यावर तिचा कापता हात ठेवून म्हणाली, "मग आता सगळं तुमच्यावरच. सांभाळून घ्या हो मला."

पुढची कत्तिरी यायच्या आत ती गेली. ताप छातीत उतरला. शेवटच्या दिवसांत नर्सने औषधांची नावं विचारली तर ती सगळी बरोबर सांगायची आणि मग माझ्याकडे बोट दाखवायची, "यांना विचारा. माझं काही खरं नाही." केतकीचा पुण्याहून फोन आला होता. रडत होती. "काकू खूश झाल्या होत्या ना हो काका, त्या वेळी?" मी तिलाही हो म्हणालो.

या वर्षी मी ते यंत्र लावलं. पडदे ओढले, तिच्याच खुर्चीत बसलो. मला धड चालताही येत नाही त्या मुलखात, भिंतींवर आपटतो. पण लढायला कोणी उरलेलं नाही. तिचा योद्धा तिने सोडला तिथेच, दिव्यासमोर उभा होता. बसल्या बसल्या पडद्यावर बारीकशी सूचना आली. जगात कुठेतरी कोणालातरी ‘डावीकडे, मग धीर’ उपयोगी पडलं होतं. ती हाक मारताना बघायची तसं मी स्वयंपाकघराकडे पाहिलं.

मग मला वाटलं, आपणही तिथे निरोप ठेवावा. तिच्या दिव्यापाशी. बटणं चाचपत शब्दांची यादी उघडली आणि चष्मा लावून सगळी वाचली. पुढे, मागे, डावीकडे, शत्रू, खजिना, धीर, एकटेपणा. ‘लबाड’ आहे. माफी मागायला एकही शब्द त्यांनी दिलेला नाही. त्या मुलखात तो कोणाला लागत नसावा. मी यादी बंद केली आणि शिट्टीची वाट बघत असल्यासारखा तसाच बसून राहिलो. वारा यायला अजून अवकाश होता.

अभिजित, केतकी, तुम्ही दोघं हे वाचाल. पण जिला सांगायचं होतं ती वाचणार नाही. तरी तिच्यासाठीच लिहितो.

कुमुद, कंडक्टरला तू मारलं नव्हतंस. त्या दिवशी तू खेळायला बसलीच नव्हतीस. तुला जेवढं आठवत होतं तेवढंच घडलं होतं. तू काहीही विसरली नव्हतीस.